हॅलिफॅक्सला येताय? आधी पत्ता नीट वाचा

जानेवारीत नाशिकहून बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन इथे कॅनडात येताय, घर तिथूनच ऑनलाइन ठरवू का, असं विचारलंत. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते.

घर तिथून ठरवू नका. 1996 मध्ये हॅलिफॅक्स, डार्टमथ, बेडफर्ड आणि आसपासची अख्खी काउंटी (म्हणजे जिल्हा) मिळून एकच नगरपालिका झाली. नोव्हा स्कोशिया प्रांताची राजधानी तिच्याच पोटात, पण पसारा सुमारे 5,500 चौरस किलोमीटर, गोव्याच्या जवळपास दीडपट! शंभरावर किलोमीटर लांबचं शीट हार्बरसुद्धा याच हद्दीत येतं. एकाच नावाचे रस्तेही वेगवेगळ्या वस्त्यांत सापडतात. म्हणून वस्तीचं नाव आणि पोस्टल कोड दोन्ही मागा, मग बस बघा.

भाड्यात हीटिंग धरलंय का, हे भाड्याच्या आकड्याआधी विचारा. जुन्या घरांत बहुधा घर गरम ठेवणारी तेलाची भट्टी असते, टाकी साधारण 900 लिटरची. पाव टाकी उरली की तेल मागवा. टाकी कोरडी पडली तर तळाचा गाळ फिल्टरमध्ये जातो, पाइपात हवा शिरते आणि नुसतं तेल भरून भट्टी पेटत नाही. हवा काढायला माणूस बोलवावा लागतो, तोही ऐन बर्फात. डिपॉझिट कायद्याने अर्ध्या महिन्याच्या भाड्यापुरतंच. जास्त मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

शाळा पत्त्यावरून ठरते. महिनाभराच्या तात्पुरत्या घरावरून नाव घातलंत, तर घर बदलताना शाळाही बदलायची वेळ येऊ शकते. वर्ग वयावर मिळतो. दुसरीचं प्रगतिपुस्तक कितीही चकचकीत असो. फॉर्मात घरची भाषा विचारतात, तिथे मराठीच लिहा. मग इंग्रजीची चाचणी होऊ शकते. इंग्रजी माध्यमातल्या पोरीची इंग्रजी तपासतात म्हटल्यावर आपल्याला झोंबतं, मला अजूनही झोंबतं. पण त्या रागात घरची भाषा 'इंग्रजी' लिहिलीत, तर लागेल ती मदत मात्र हुकते.

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका, घड्याळ सांभाळा. हिवाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. इथे संध्याकाळी सहाला घर खायला उठतं, तेव्हा नाशिकला पहाटेचे साडेतीन. सकाळी आठला फोन लावा. तिकडे संध्याकाळचे साडेपाच, चहाची वेळ. आजीशी बोलायला मुलीला शाळेआधीची तेवढीच दहा मिनिटं मिळतात.