सगळे वटवट्ये एकाच कुळातले असतात का?

पक्ष्यांच्या जुन्या पुस्तकात राखी वटवट्या, शिंपी पक्षी आणि हिवाळ्यात येणारे पर्णवटवट्ये एकाच कुळात दिसतात, नव्या सूचीत मात्र ते सगळे एका कुळात नाहीत. यांपैकी ग्राह्य काय, असे आपण विचारले आहे. नवी सूची ग्राह्य धरावी.

लहान चण, बारीक चोच, फिकट रंग आणि किड्यांवर गुजराण एवढ्या साम्यावर पूर्वी शेकडो जाती ‘सिल्व्हिइडी’ या कुळात घातल्या जात. माझ्या मते ते कुळ नव्हतेच, ती अडगळीची खोली होती. झुडपांत आणि पानांआड किडे टिपणाऱ्या पक्ष्याला अशीच शरीररचना सोयीची ठरते, त्यामुळे जवळचे नाते नसलेल्या शाखांतही तेच रूप पुन्हा पुन्हा घडले आहे. डीएनएच्या अभ्यासातून हे उघड झाल्यावर २००६ मध्ये स्वीडनचे पक्षीशास्त्रज्ञ पेर आल्स्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळाची फोड मांडली, आणि पुढे ती सर्वसाधारणपणे स्वीकारली गेली.

त्यानुसार राखी वटवट्या आणि शिंपी हे दोघे सिस्टिकोलिडी कुळात एकत्रच राहिले. पर्णवटवट्ये फायलोस्कोपिडी कुळात, तर बोरूच्या बेटांत वावरणारे वटवट्ये अ‍ॅक्रोसेफॅलिडी कुळात गेले. सिल्व्हिइडी हे नाव ज्यांच्याकडे उरले, त्या पांढऱ्या गळ्याच्या वटवट्यासारख्या पक्ष्यांचे नाते तर या सगळ्यांपेक्षा सातभाईंच्या शाखेशी अधिक जवळचे निघाले, आणि या साऱ्या फेरबदलात मला सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच वाटते.

कुळ बदलले म्हणून जातीचे शास्त्रीय नाव बदलतेच असे नाही. राखी वटवट्याला प्रिनिया सोशिअ‍ॅलिस हे नाव ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी आपल्या दख्खनच्या पक्ष्यांवरूनच १८३२ मध्ये दिले, आणि ते आजही जसेच्या तसे चालते.

नात्याचा अंदाज बोलीतील नावावरून बांधू नये. पूर्व हिमालयात आढळणारा डोंगरी शिंपी पूर्वी आपल्या शिंप्याच्याच ऑर्थोटोमस प्रजातीत (कुळातील जवळच्या जातींच्या गटात) धरला जात असे. आता तो फायलर्गेट्स या प्रजातीत, सेटिइडी या वेगळ्याच कुळात आहे, पण त्याचे ‘शिंपी’ हे नाव कोणी काढून घेतलेले नाही.