प्राचीन चीनमध्ये लसूणघास कुठून आला?

घोड्यांपायी आला! चीनच्या हान घराण्यातल्या सम्राट वू याला मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यातले दमदार घोडे हवे होते, त्यासाठी इ.स.पू. 104 ते 101 दरम्यान युद्धही झालं. तिथले घोडे हाच चारा खात, म्हणून हान दूतांनी द्राक्षांसोबत त्याचं बी आणलं आणि सम्राटाने ते राजवाड्यांच्या आसपास पेरलं. श्रेय सर्रास मध्य आशियात जाऊन आलेल्या झांग चियान या दूताला देतात, पण इतिहासकार सिमा चियान नुसतं ‘हान दूत’ म्हणतो. इ.स.च्या सहाव्या शतकातल्या जिया सिशिएच्या शेतीग्रंथात तर पूर्ण लागवडच दिलीय: वर्षाला तीन कापण्या, एकदा पेरलं की कायमची निश्चिंती, आणि कोवळा पाला माणसांनीही कच्चा किंवा सार करून खायचा. आपल्याकडे गोठ्यात घालतात तोच हा घास.