जुन्या गाडीला कोणतं ऑइल? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (डिचोली): माझी मारुती ८०० बरीच जुनी आहे. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर येतो. मेकॅनिक म्हणतो, जाड ऑइल घाल. घालू का?

आधी धूर कधी येतो ते नीट बघा. सकाळी भसकन येऊन मिनिटभरात थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेत आणि रात्रभरात ऑइल सिलिंडरमध्ये झिरपतंय. हे काम फार मोठं नाही. पण चोर्ला घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की धूर येतच राहत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या.

जाड ऑइलने धूर थोडा कमी दिसेल, झीज मात्र भरून येणार नाही. ८०० चा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वर, इंजिनाच्या हेडमध्ये असतो. फारच जाड ऑइल थंड इंजिनात तिथवर पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ कॅम कोरडा घासतो. मॅन्युअलमध्ये ज्या ग्रेड दिल्यात, त्यांतली सर्वांत जाड जरूर घ्या. त्यापुढे जाऊ नका.

प्रश्न (फोंडा): वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी कार सांभाळतोय. दुकानदार ५डब्ल्यू-३० सिंथेटिक देतो, महाग म्हणजे चांगलं ना?

तुमच्या गाडीसाठी नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला वाहतेपणा सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते. गोव्यात पहाटेची थंडी ती कितीशी! बर्फाळ मुलखासाठीच्या ५डब्ल्यूचे पैसे इथे कशाला मोजायचे? पद्मिनीला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० साधं मिनरल ऑइल घाला.

आणखी एक कारण आहे. या इंजिनात कॅम थेट टॅपेटवर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारा तुकडा) घासतो आणि तिथे ऑइलमधलं झिंक-फॉस्फरसचं मिश्रण त्याला वाचवतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर मर्यादा आहे. ४० आणि ५० च्या ग्रेडना ती लागू नाही.

प्रश्न (साखळी): पावसाळ्यात गाडी बाजारापुरतीच फिरते. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखं पांढरं साचलंय.

ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे गेज, काढून पुसा, पुन्हा बुडवून बघा. गेजवरही तसंच पांढरट दिसलं आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलेलं असू शकतं. मग गाडी सुरूच करू नका, गॅरेजवाल्याला घरी बोलवा.

फक्त झाकणालाच असेल तर ती आपल्याकडची दमट हवा. दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही आणि ते ऑइलमध्ये मिसळतं. आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर अर्धा तास पळवा. किलोमीटर कितीही कमी झाले तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. दसऱ्याला गाडीची पूजा करतोच, त्याच आठवड्यात हे उरका, म्हणजे पावसाळ्याचं पाणी खाल्लेलं ऑइल निघून जातं. तुमच्या भागात खाणीची लाल धूळ आहे, एअर फिल्टरही बघा. तो फाटका असेल तर कितीही चांगलं ऑइल घाला, रिंगा झिजणारच.

प्रश्न (पेडणे): घरी डिझेल गाडीचं १५डब्ल्यू-४० उरलंय. जुन्या पेट्रोल कारला चालेल?

डब्यावरची अक्षरं वाचा. सी म्हणजे डिझेल, एस म्हणजे पेट्रोल. 'सीआय-४/एसएल' असं दोन्ही लिहिलेलं असेल आणि मॅन्युअलमध्ये ती ग्रेड असेल, तर खुशाल घाला. स्कूटरचं टू-स्ट्रोक ऑइल मात्र कधीच नको, ते पेट्रोलबरोबर जळण्यासाठी केलेलं असतं.