युरोपीय कॉमिकचे मूळ पान लिलावात घेण्यापूर्वी काय पाहावे?

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून आपण नेदरलँड्समध्ये राहता, फ्रेंच-बेल्जियन कॉमिक्सची आपल्याला मनापासून आवड आहे, ३००० युरोंपर्यंत खर्च करून चित्रकाराच्या हातचे एखादे मूळ पान लिलावातून घ्यावे अशी इच्छा आहे, पण लिलावाचा अनुभव मुळीच नाही. तर सुरुवात कुठून करावी? मी सोळा वर्षांपासून ब्रसेल्समध्ये राहतो आणि या काळात अशी अकरा पाने घेतली आहेत. बोली कशी लावायची हे दहा मिनिटांत शिकता येते. आपल्यासमोर ठेवलेली वस्तू नेमकी काय आहे, ती कोणाच्या हातची आहे आणि आजवर ती कुठे होती, हे ओळखायला मात्र वेळ लागतो, आणि पैसे जातात किंवा वाचतात ते तिथेच.

‘मूळ’ हा शब्द या बाजारात फार सैलपणे वापरला जातो. ज्याला फ्रेंचमध्ये ‘प्लांश ओरिजिनाल’ म्हणतात ते, म्हणजे जाड कागदावर पेन्सिलीने आखून मग काळ्या शाईने पूर्ण केलेले आणि छपाईसाठी ज्याचा फोटो घेतला गेला ते पान, हे खरे मूळ पान. त्याच्या आधीचा टप्पा ‘क्रेयोने’, म्हणजे केवळ पेन्सिलीचा आराखडा; काही चित्रकारांचे हे आराखडे शाईच्या पानापेक्षाही जिवंत असतात आणि तुलनेने स्वस्त मिळतात. तिसरा प्रकार नवख्या माणसाला सर्वाधिक चकवतो, तो म्हणजे ‘ब्ल्य द कोलोरियाज’. पूर्वी रंग मूळ पानावर देत नसत. शाईच्या रेषा फिकट निळ्या रंगात दुसऱ्या कागदावर छापून घेत, त्यावर गॉश (अपारदर्शक जलरंग) किंवा साधे जलरंग भरत, आणि काळ्या रेषांची पारदर्शक फिल्म त्यावर ठेवत. असे पान चौकटीत बसवलेले पाहिले तर ते रंगीत, झळाळते आणि अगदी पूर्ण वाटते, पण त्यातली काळी रेषा छापील असते आणि रंग बहुधा चित्रकाराने नव्हे, तर रंगसाहाय्यकाने भरलेले असतात. ‘टिनटिन’चे कर्ते एर्जे यांच्या स्टुडिओत हे काम अनेक वर्षे जोझेत बोजो यांच्या देखरेखीखाली होत असे. ते पान संग्रहात ठेवण्याजोगे निश्चितच आहे. फक्त मूळ पानाची किंमत त्याला देऊ नये.

फरक ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ ठेवावे. हाताने लावलेल्या शाईची कड जिवंत असते, ब्रशचा दाब जिथे वाढला तिथे शाई किंचित चमकते, आणि मोठ्या काळ्या भागांत फटकारे दिसतात. छपाईत काळा रंग सपाट आणि एकसारखा असतो. चुका झाकण्यासाठी लावलेला पांढरा रंग, चिकटवलेले कागदाचे तुकडे, समासात लिहिलेली छपाईची मापे आणि निळ्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या तर त्यांना दोष समजू नये. फिकट निळा रंग छपाईच्या फिल्मवर उमटत नसे, म्हणूनच चित्रकार आणि मुद्रक त्या रंगाने बिनधास्त लिहीत. मला स्वतःला या खुणाच पानाचा सर्वांत सुंदर भाग वाटतात, कारण वाचकाला न दिसलेले काम तिथे दिसते. त्यानंतर छापील अल्बममधले, म्हणजे कॉमिकच्या पुस्तकातले, तेच पान शेजारी ठेवून रेषेन् रेष ताडून पाहावी. विक्रीचे पान छापील पानाशी तंतोतंत जुळते, पण त्याच्यावर दुरुस्तीची एकही खूण नाही, असे असेल तर सावध व्हावे.

हात कोणाचा, हा पुढचा प्रश्न. बेल्जियन कॉमिक्समध्ये मोठी नावे एकट्याने काम करत नव्हती. एर्जेचा स्टुडिओ १९५० मध्ये सुरू झाला आणि त्यानंतरच्या टिनटिनच्या पुस्तकांत पार्श्वभूमीचे बरेचसे काम बॉब द मूर यांचे आहे. ‘फ्लाइट ७१४’मधले ते विलक्षण जेट विमान रोजे लेलू यांनी आखले. फ्रांकँ यांच्या ‘गास्ताँ’ या विनोदी मालिकेच्या पानांवर मागची दुकाने, गाड्या आणि कचेऱ्या दीर्घकाळ त्यांचे सहकारी जिदेएम काढत असत. यामुळे पान खोटे ठरत नाही, पण आपण कोणाच्या रेषेचे पैसे देतो आहोत हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

लिलाव फ्रान्समध्ये असेल तर कायदा इथे आपल्या मदतीला येतो. ३ मार्च १९८१ च्या फ्रेंच अध्यादेशाने लिलावाच्या सूचीतल्या शब्दांना ठरावीक अर्थ दिले आहेत. चित्रकाराचे नाव कोणत्याही पुस्तीशिवाय छापले असेल तर ते काम त्याचेच असल्याची हमी विक्रेता देतो. ‘आत्रिब्युए आ’ असे लिहिले असेल तर काम त्याच काळातले असून ते त्याचे असण्याची भक्कम शक्यता आहे, एवढेच. ‘आतल्ये द’ म्हणजे त्याच्या कार्यशाळेत किंवा त्याच्या देखरेखीखाली झालेले. ‘दाँ ल गू द’ (‘त्याच्या धर्तीवर’) असे शब्द असतील तर कसलीही हमी नाही. त्यामुळे सूचीतले फ्रेंच वर्णन भाषांतरयंत्रातून एकदा फिरवून समाधान मानू नये. हे एकेक शब्द स्वतः तपासावेत.

स्थितीबद्दल मी एकदा चुकलो, तेही सांगतो. सुरुवातीच्या काळात एका लिलावगृहाच्या सूचीतील छोट्या फोटोवरून मी १९७० च्या दशकातले एक पान दूरध्वनीवरून बोली लावून घेतले. वर्णन होते ‘कागदावर काळी शाई’. पान घरी आले तेव्हा दिसले की पानावरच्या दोन चित्रचौकटींतले आकाश शाईचे नव्हते, तर ठिपक्यांची चिकट पारदर्शक पट्टी कापून लावलेली होती. ती पट्टी आक्रसून कडेने सुटली होती आणि तिच्या डिंकाचा तपकिरी डाग कागदात उतरला होता. मी स्थितीचा लेखी अहवाल मागितला नव्हता आणि लिलावाच्या अटींनुसार वस्तू ‘आहे तशी’ विकली गेली होती, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पानासाठी अहवाल आणि मागच्या बाजूचा फोटो मागतो. हे विनामूल्य मिळते. चिकटपट्टीचे डाग, कापलेले समास, उन्हाने पिवळा पडलेला कागद आणि फेल्ट पेनने काढलेला कोणताही भाग, या चार गोष्टींबद्दल स्पष्ट शब्दांत विचारावे. फेल्ट पेनची शाई प्रकाशात विरत जाते आणि ती परत आणता येत नाही.

आता पानाच्या पूर्वेतिहासाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अनेक दशके प्रकाशक आणि मुद्रक मूळ पानांकडे छपाईचे साहित्य म्हणूनच पाहत. पाने परत करण्याची शिस्त नव्हती, काही भेट दिली गेली, काही हरवली, काही नुसतीच उचलली गेली. ‘ब्लेक आणि मॉर्टिमर’ या कॉमिक मालिकेचे कर्ते एडगर पी. जेकब्स यांनी आपली पाने एकत्र राहावीत म्हणून प्रतिष्ठान स्थापन केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्या साठ्यातली कितीतरी पाने गायब झाल्याचे उघड झाले आणि बेल्जियममध्ये फौजदारी चौकशी सुरू झाली. २०२३ च्या डिसेंबरात ‘अ‍ॅस्टेरिक्स आणि क्लिओपात्रा’चे मूळ मुखपृष्ठ ब्रसेल्समध्ये लिलावाला येणार होते, चित्रकार आल्बेर उदेर्झो यांच्या कन्येने त्याच्या मालकीला हरकत घेतली आणि ते विक्रीतून मागे घ्यावे लागले. एर्जेने १९३६ मध्ये ‘ब्लू लोटस’साठी केलेले रंगीत मुखपृष्ठ छपाईला महाग पडेल म्हणून नाकारले गेले होते, जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या आर्तक्युरियाल या लिलावगृहात ते सुमारे ३२ लाख युरोंना गेले. एर्जेने ते प्रकाशकाच्या लहान मुलाला भेट दिले आणि ते घडी घालून खणात ठेवले गेले, असे त्या कुटुंबाचे म्हणणे होते. त्या भेटीच्या कथेवरही जाणकारांनी जाहीरपणे शंका घेतल्या. ही मोठ्या रकमांची उदाहरणे आहेत, पण दीड हजारांच्या पानालाही तोच प्रश्न लागू होतो: हे पान चित्रकाराच्या हातून पहिल्यांदा कोणाकडे आणि कसे गेले? ‘थेट चित्रकाराकडून घेतले’ एवढ्या उत्तराला एखादे पत्र, पावती, जुनी सूची किंवा समर्पणाच्या दोन ओळी यांचा आधार असेल तर ते पान शंभर-दोनशे युरोंनी महाग असले तरी घ्यावे.

आता हिशेब. ज्या रकमेवर हातोडा पडतो ती आपण द्यायची रक्कम नसते. समजा हातोडा २२०० युरोंवर पडला. लिलावगृहाची खरेदीदाराकडून घेतली जाणारी फी करांसह साधारणतः २५ ते ३० टक्के असते. २८ टक्के धरली तर ६१६ युरो. संकेतस्थळावरून बोली लावली तर त्या मंचाची फी वेगळी. दीड टक्का धरला तर ३३ युरो. चित्रकार हयात असेल किंवा त्याच्या मृत्यूला ७० वर्षे झाली नसतील, तर पुनर्विक्रीचा हक्क, म्हणजे काम पुन्हा विकले जाताना चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना द्यायचा वाटा, लागतो, तो ५०,००० युरोंपर्यंत ४ टक्के, म्हणजे ८८ युरो. कायद्याने हे देणे विक्रेत्याचे असले तरी फ्रान्समधली काही लिलावगृहे आपल्या अटींद्वारे ते खरेदीदारावर टाकतात, आणि सूचीत त्या लॉटपुढे (विक्रीच्या वस्तूपुढे) एखादे छोटे चिन्ह असते. हा हक्क फ्रान्सने १९२० मध्येच आणला होता. गरिबीत मेलेल्या चित्रकारांची चित्रे पुढे प्रचंड किमतींना विकली जात आणि वारसांना काहीच मिळत नसे, ही खंत त्यामागे होती. म्हणून हे ८८ युरो देताना मला कधी वाईट वाटत नाही. सपाट पाकिटातून विम्यासह पाठवणीचे ६० युरो धरा. एकूण २९९७. म्हणजे आपली ३००० ची मर्यादा ही प्रत्यक्षात २२०० ची बोली आहे, आणि हा आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावा.

शक्य असेल तर पहिला लिलाव केवळ पाहावा. विक्रीच्या आधी काही दिवस पाने प्रदर्शनात मांडतात, प्रवेश विनामूल्य असतो, आणि विनंती केल्यास पान चौकटीतून काढूनही दाखवतात. आपण राहता तिथून ब्रसेल्स आगगाडीने दोन-तीन तासांचे अंतर आहे. त्याच फेरीत विक्तोर ओर्ता यांनी बांधलेल्या इमारतीतले कॉमिक्सचे संग्रहालय आणि लुव्हाँ-ला-नव्ह येथील एर्जे संग्रहालय पाहून यावे. पन्नास खरी पाने डोळ्यांखालून गेली की एक्कावन्नाव्या पानाबद्दल मनात जे प्रश्न येतात ते कोणत्याही पुस्तकाने येत नाहीत. बोली स्वतः लावण्याची धास्ती वाटत असेल तर कमाल रक्कम लिहून लिलावगृहाकडे देता येते. तिथले कर्मचारी आपल्या वतीने, प्रतिस्पर्धी थांबेल तिथपर्यंतच, बोली वाढवतात. लिलावाच्या खोलीत बसून ठरवल्यापेक्षा दोन बोली जास्त लावण्याची जी चूक होते ती अशाने टळते. फ्रान्समध्ये एक गोष्ट अनपेक्षितपणे घडू शकते: हातोडा पडल्यावर सरकारी संग्रहालयाचा प्रतिनिधी उठून त्याच किमतीला ते पान सरकारसाठी घेतल्याचे जाहीर करतो. असे क्वचितच होते, आणि झाले तर खरेदीदाराचा काही खर्च होत नाही.

काय घ्यावे, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. या रकमेत टिनटिनचे किंवा अ‍ॅस्टेरिक्सचे शाईचे पान मिळणार नाही, आणि त्या नावाने या किमतीत काही दिसलेच तर ते स्वाक्षरीसोबत काढलेले भेटचित्र असेल, छापील प्रत असेल किंवा बनावट असेल. एर्जेच्या नावाने बनावट रेखाटने फार फिरतात. त्याऐवजी ‘स्पिरू’ (१९३८ पासून) आणि ‘टिनटिन’ (१९४६ मध्ये सुरू झालेले, आता बंद) या साप्ताहिकांत वर्षानुवर्षे निष्ठेने काम केलेल्या, पण ज्यांची नावे संग्राहकांच्या तोंडी पहिल्यांदा येत नाहीत, अशा चित्रकारांचे एक पूर्ण पान घ्यावे. एकाच मालिकेतल्या दोन पानांच्या किमतींत तिप्पट फरक असू शकतो: नायक समोरून दिसतो का, प्रसंग ओळखीचा आहे का, पान चित्रकाराच्या भरातल्या काळातले आहे का, यावर तो ठरतो. नायक नसलेले, पण पावसाळी रस्ता किंवा बंदर काढलेले पान संग्राहक सोडून देतात. मी घेतलेली सर्वांत चांगली तीन पाने अशीच आहेत. आणखी एक मार्ग म्हणजे हयात चित्रकाराकडून किंवा त्याच्या गॅलरीकडून थेट घेणे, जिथे लिलावाची फी नसते आणि पूर्वेतिहासाचा प्रश्नच उद्भवत नाही. तरुण चित्रकारांपैकी बरेच जण आता टॅब्लेटवर काढतात आणि त्यांच्या अल्बमचे कागदावरचे मूळ अस्तित्वातच नसते, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

पान मिळाले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळाला असे नाही. कागद आपला होतो, चित्रावरचा हक्क चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचाच राहतो. बिल, सूचीतले पान आणि स्थितीचा अहवाल एकत्र जपून ठेवावेत, कारण फ्रान्समध्ये लिलावगृहावर दावा करण्याची मुदत विक्रीपासून पाच वर्षांची आहे. आम्लरहित पुठ्ठ्यावर, चिकटपट्टी न लावता, अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे ते बसवून घ्यावे, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर कधीही लावू नये. माझी पाने घरातल्या आतल्या बोळात आहेत, तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. दर सहा महिन्यांनी मी टांगलेली पाने उतरवून पेटीत ठेवतो आणि पेटीतली टांगतो.