आठवड्याला दोन पीटीचे तास: मुलाचा फिटनेस सुधारेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पाचवीत आहे, दोन जिने चढला की धापा टाकतो, शाळेत आठवड्याला दोन पीटीचे तास आहेत आणि पालकसभेत नेमकं काय मागावं ते कळत नाही. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. (त्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. दम्यामुळे किंवा हिमोग्लोबिन कमी असल्यानेही मुलं अशी दमतात.)

फरक पडतो, पण तासात मूल प्रत्यक्ष किती वेळ हललं त्यावर. पस्तीस मिनिटांचा तास धरा. वर्गातून रांगेने मैदानावर येईपर्यंत पाच मिनिटं गेली. हजेरी, सावधान-विश्राम, कोणाची तरी बुटाची नाडी. मग क्रिकेट. एक बॅट, एक बॉल आणि साठ मुलं. बॅटिंग चार जणांना मिळते, ती नेहमीचीच. उरलेली मुलं लाँगऑनला उभी राहून मातीत रेघोट्या ओढतात. बाद होण्याच्या खेळांत तर उलटंच होतं: ज्याला धावण्याची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिल्या मिनिटाला बाद होऊन कट्ट्यावर बसतो. तुमचा मुलगा बहुधा तिथेच असणार.

म्हणून मी साखळीची शिवाशिवी घेतो. पकडला गेलेला बाहेर जात नाही, हात धरून साखळीत येतो आणि तोही धावू लागतो. खो-खोला नऊ-नऊचे पूर्ण संघ न करता फक्कीने तीन छोटी मैदानं आखायची आणि पाच-पाच मुलं बसवायची, म्हणजे खो पटापट मिळतो. लंगडीला तर साहित्यच लागत नाही, आणि एका पायावरच्या त्या उड्या हाडांनाही चांगल्या. लेझीम बऱ्याच शाळांत कपाटात गंजत पडलेली असते. ती काढा. सगळा वर्ग एकाच वेळी हलतो आणि खेळात मागे पडणारी मुलंही ठेक्यात रमतात.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते. दोन तासिकांत ते गणित बसणं शक्य नाही. त्यातही परीक्षा जवळ आली की गणिताचे सर आमचा तास मागून नेतात, तो परत कधी मिळत नाही! स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ साली यावर सोपा उपाय काढला. रोज पंधरा मिनिटं वर्गाबाहेर जायचं, आपापल्या वेगाने धावायचं किंवा चालायचं. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही. 'डेली माईल' नावाने तो पुढे बऱ्याच देशांत पोचला. आपल्याकडे मधल्या सुट्टीआधी हे सहज जमेल. पावसाळ्यात व्हरांड्यात सूर्यनमस्कार घ्या, फक्त फरशी कोरडी हवी.

वजन मात्र यातून उतरेल अशी आशा धरू नका. शाळेतल्या व्यायामाने दमसास काही प्रमाणात वाढतो, वजनावर फारसा परिणाम दिसत नाही. ते डब्यावर आणि संध्याकाळच्या वेफर्सवर जास्त अवलंबून असतं.

तेव्हा सभेत नवीन साहित्य मागू नका. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला दिला जाऊ नये आणि रोजची पंधरा मिनिटं मिळावीत, एवढंच मागा. शिवाय सरकारच्या खेलो इंडिया योजनेतल्या शालेय फिटनेस चाचणीत ६०० मीटर धावणं-चालणं असतं, ते जुलैत आणि पुन्हा जानेवारीत घ्यायला सांगा. प्रत्येक मुलाची वेळ त्याच्याच आधीच्या वेळेशी ताडून बघायची. यादी फळ्यावर लावू नका म्हणावं, नाहीतर शेवटची पाच मुलं पुढच्या चाचणीला पोट दुखतंय म्हणून घरीच राहतात.