ट्रंकेतली पोस्टरं आणि कुरडईचा चीक

प्रश्न : काका, आमच्या आजोबांची टुरिंग टॉकीज होती, जत्रेजत्रेत तंबू लावायचे. परवा वाटणीच्या निमित्ताने माळा रिकामा केला तर पत्र्याच्या ट्रंकेत चाळीसेक सिनेमाची पोस्टरं निघाली. सगळी घडी घातलेली, काही एकमेकांना चिकटलीयत, काहींना कसर लागलीय. भाऊ म्हणतो सगळी एकदा कडक उन्हात टाकू. टाकू का? (सातारा जिल्ह्यातून एक वाचक)

उत्तर : भावाला चहा द्या आणि ट्रंकेपासून लांब बसवा. ऊन अजिबात नको. हा कागद मुळात स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, सिनेमा उतरला की पोस्टरही भिंतीवरच संपणार असं धरूनच छापलेला. उन्हात तो अजून पिवळा पडतो, रंग उडतात आणि घडीवर खारीसारखा तुटतो.

आधी कसर. पोस्टरं आहेत तशीच, घडी न उघडता, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि चांगल्या डीप फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे १८-२० डिग्रीला, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि केलेलं सगळं पाण्यात. डांबराच्या गोळ्या कागदात टाकू नका.

मग घडी. कोरडी घडी जोर लावून उघडलीत की ती तिथेच फाटणार. मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओला टॉवेल, त्याच्या वर जाळी, जाळीवर पोस्टर, झाकण लावून थोडे तास. पाणी कागदाला लागायला नको, नुसता दमटपणा पुरतो. मधेमधे बघत राहा आणि रात्रभर विसरू नका कारण बुरशी वाट बघत असते. कागद मऊ झाला की हळूच उघडून टीपकागदाच्या दोन थरांत वजनाखाली. हे सगळं करायच्या आधी ओल्या इअरबडने एका कोपऱ्यात रंग सुटतो का बघा. छापलेली शाई बहुतेक टिकते, पण वर मारलेला रबरी शिक्का आणि हाताने लिहिलेलं 'आजपासून रोज दोन खेळ' पहिल्या थेंबाला पसरतं. आणि ती खाली चिकटवलेली तंबूच्या नावाची पट्टी असेल तर घाण समजून काढू नका हो, तुमच्या आजोबांचं नाव त्या पट्टीवरच आहे, पोस्टरवर नाही!

एकमेकांना चिकटलेली मात्र घरी सोडवायला जाऊ नका, ती कागदाचं काम करणाऱ्या संवर्धकाकडेच.

एक विषयाबाहेरचं, पण सांगायलाच हवं. ट्रंकेत फिल्मचे तुकडे किंवा रिळं असतील आणि ती १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असतील तर ती नायट्रेटची (त्या काळच्या फिल्मचं ज्वालाग्राही प्लास्टिक) असू शकतात, आणि नायट्रेट भयंकर पेटतं. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं आगीत गेली, ते आठवत असेल. घरात ठेवू नका.

प्रश्न : फ्रेमवाला म्हणतोय प्लायवर फेविकॉलने चिकटवतो आणि वरून लॅमिनेशन, मग शंभर वर्षं बघायला नको. करून घेऊ? (डोंबिवली)

उत्तर : नको नको नको. हे मी स्वतः केलेलं पाप आहे म्हणून तीनदा लिहितोय. पंचवीसेक वर्षांपूर्वी हातात आलेलं पहिलंच चांगलं पोस्टर मी हौसेने लॅमिनेट करून आणलं, चारपाच पावसाळ्यांत आत फुगे आले, कडेने बुरशी शिरली, आणि प्लास्टिक सोडवायला गेलो तर रंग प्लास्टिकबरोबर वर आला. आजही ते कपाटाच्या मागे आहे, टाकवत नाही आणि बघवतही नाही.

पोस्टरला जे काही लावाल ते उद्या पाण्याने सुटलं पाहिजे, माझा सगळा हिशोब एवढाच. फेविकॉल वाळला की पुन्हा धड सुटत नाही. म्हणून जाणकार लोक खळ वापरतात. पण बुकबाइंडरची मोरचूद घातलेली मैद्याची खळ नाही, मोरचुदातलं तांबं कागद खातं आणि मैद्यातला चिकट भाग, म्हणजे ग्लुटेन, किड्यांना आवडतो. ग्लुटेन काढून उरलेला नुसता स्टार्च शिजवतात. म्हणजे आपल्याकडे गहू भिजवून, वाटून, गाळून खाली बसतो तो कुरडईचा चीक, जवळजवळ तोच, फक्त मीठ-हिंग नाही! (संवर्धक तयार शुद्ध स्टार्च आणतात, आईला गहू भिजवायला लावू नका.) त्या खळीने पोस्टरच्या पाठीला आधी पातळ पण चिवट जपानी कागद आणि त्याच्यामागे ताणलेलं सुती कॅनव्हास. याला लिनन बॅकिंग म्हणतात, लिनन नसलं तरी. आणि हे प्रत्येक पोस्टरला लागतंच असं नाही, धड असेल तर नुसतं सपाट करून ठेवलेलं बरं.

आणि जुनी सेलोटेप ओढू नका. पट्टी निघते, गोंद कागदात मुरलेला राहतो आणि तो पिवळा डाग सॉल्व्हंटशिवाय हलत नाही.

प्रश्न : चोर बाजारात मटन स्ट्रीटला एक पन्नासच्या दशकातलं पोस्टर बघितलं, दुकानदार ओरिजिनल म्हणतो. कसं ओळखायचं? (ठाणे)

उत्तर : आधी खिशात भिंग ठेवा. घरगुती किंवा दुकानातल्या इंकजेट प्रिंटमध्ये रंगाचे बारीक फवारे दिसतात, ऑफसेटमध्ये, म्हणजे छापखान्यातल्या नेहमीच्या छपाईत, ठिपक्यांची फुलं, आणि जुन्या लिथोमध्ये (दगडावर किंवा पत्र्यावर हाताने चित्र काढून केलेली छपाई) ठिपके एका रांगेत नसतात, खडूने घासल्यासारखा दाणा दिसतो. माप बघा, आपल्याकडचं नेहमीचं पोस्टर साधारण ३० बाय ४० इंच. गुळगुळीत जाड कागदावर त्याहून लहान निघालं तर पुढच्या दुकानात चला. घडीच्या खुणा नाहीत म्हणून खूश होऊ नका, पोस्टरं थेटरांना घडी घालूनच जायची, त्यामुळे पन्नासचं पोस्टर आणि एकही घडी नाही म्हणजे मला तरी शंका येते.

पण सगळ्यात मजा येते खालच्या कडेच्या बारीक ओळीत, जिथे छापखान्याचं नाव-पत्ता असतो. त्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण पिनकोड आला त्या वर्षी १५ ऑगस्टला. इंग्रजी पत्त्यात 'बॉम्बे' ऐवजी 'मुंबई' असेल तर बहुधा १९९५ नंतरचं. असं निघालं तर ते खोटंच असं नाही हं, सिनेमा पुन्हा लागला की पोस्टर पुन्हा छापायचे, ते खरंच आहे, फक्त पन्नासचं नाही आणि पन्नासच्या भावाचंही नाही. दुकानदाराने ती कड कापून फ्रेम केली असेल तर मी घेणार नाही.

प्रश्न : माझी चित्रकला बरी आहे. उडालेला रंग भरू का? (कोल्हापूर)

उत्तर : कोल्हापूरकरांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही, तुमच्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाही काढला आणि पोस्टरही, १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आपल्याकडचं टिकलेलं सगळ्यात जुनं मानतात. तरी नाहीच. फाटून गेलेल्या जागी नवा कागद बसवलात तर फक्त त्या नव्या तुकड्यावर वॉटरकलर. मूळ छपाईवर ब्रश टेकवायचा नाही.

प्रश्न : घरात ओल, मुलांना रस नाही. कुणाला द्यावीत? (रत्नागिरी)

उत्तर : पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं, तिथे रिळांबरोबर पोस्टरं, फोटो, गाण्यांची पुस्तकंही जपतात. आधी यादी आणि फोटो पाठवा, ट्रंक घेऊन थेट दारात उभे राहू नका. तोवर भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर, पीव्हीसी सोडून पॉलिएस्टरच्या कव्हरमध्ये. आणि ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या, जूनच्या आत.