इतिहासाचे तास दुसऱ्या मजल्यावर

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी कला शाखेतून ७८ टक्के मिळवून पास झाली. तिला मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार) आहे, नववीपासून व्हीलचेअरवर असते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र ७० टक्क्यांचं आहे. तिला इतिहासात बीए आणि मग बीएड करून शिक्षिका व्हायचंय. कॉलेजात गेलो तर म्हणाले, ‘इतिहासाचे तास दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहेरून परीक्षा द्या.’ दीर म्हणतात, घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम लावून देतो. तिला हट्ट सोडायला सांगू का? – एक आई, सातारा जिल्हा

ताई, नमस्कार.

नका सांगू. तुमच्या पत्रात मला हट्टी दिसतो तो जिना.

तुमच्या लेकीसारखंच शिक्षिका व्हायचं होतं ज्युडी ह्यूमनला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली मुलगी. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. पाचव्या वर्षी आई शाळेत घेऊन गेली, तर मुख्याध्यापक म्हणाले, हिची व्हीलचेअर म्हणजे आग लागली तर धोका. पुढे ती शिकली, पदवी घेतली, १९७० साली शिक्षिकेच्या परवान्यासाठी लेखी आणि तोंडी परीक्षा पास झाली, आणि वैद्यकीय तपासणीत नापास! डॉक्टरांनी तिला काय विचारलं असेल? बाथरूमला कशी जातेस ते दाखव. परवाना नाकारायला कारण पुन्हा आगीचंच : मुलांना वर्गाबाहेर कशी काढणार? ती कोर्टात गेली. खटला आला कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यापुढे, अमेरिकेच्या फेडरल कोर्टातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. शिक्षण मंडळाने माघार घेतली आणि ज्युडी वर्गात उभी... म्हणजे बसून शिकवू लागली. (आपल्या भाषेतही शिक्षक ‘उभा’च राहतो, बघा.)

तुमच्या कामाची गोष्ट मात्र पुढची आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, त्याचं ५०४ कलम सांगत होतं की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही. पण नियमच निघेनात. चार वर्षं फाईल फिरत राहिली. शेवटी ५ एप्रिल १९७७ला ज्युडी आणि तिचे सोबती सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कार्यालयात शिरले ते तीन आठवड्यांहून जास्त तिथेच राहिले. फोन तोडले, तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप देत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक गरम जेवण पोचवत. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

कायदा कागदावर आणि जिना जागच्या जागी, हे आपल्याकडेही तसंच. १९९५ साली पहिला कायदा आला. सध्या लागू आहे तो २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्याच्या १६व्या कलमानुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने इमारत आणि आवार सगळ्यांना वापरता येईल असं करायचं आहे. ३२वं कलम सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखून ठेवतं, वयातही पाच वर्षांची सूट देतं. सरकारी नोकरीत आरक्षण ४ टक्के. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात याच कायद्याखालचा, इमारती वगैरे सगळ्यांना वापरता येण्याबद्दलचा १५वा नियम रद्द केला, कारण जे बंधनकारक हवं ते त्या नियमाने नुसत्या शिफारशीवर आणून ठेवलं होतं.

आता करायचं काय? उद्या प्राचार्यांच्या नावे साध्या मराठीत अर्ज द्या. लिफ्ट मागू नका, म्हणजे आत्ताच नको. मागायचं एवढंच : हिच्या वर्गाचे तास तळमजल्यावर घ्या. वेळापत्रकात दोन खोल्यांची अदलाबदल, खर्च शून्य. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, शिक्का मारलेल्या अर्जावर ‘नाही’ लिहिताना हात अडखळतो. तरीही नाहीच झालं, तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते.

जाताना मोजपट्टी न्या. फाटकापासून वर्गापर्यंत किती पायऱ्या, दार किती रुंद, आणि मुख्य म्हणजे शौचालय. बऱ्याच मुली दिवसभर पाणी न पिता कॉलेज करतात, हे कुणी बोलत नाही. ‘रॅम्प आहे की’ असं सांगितलं तर तोही मोजा. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. त्याहून खडा असेल तर तो मोटारसायकल चढवायला केलाय असं समजा.

परीक्षेचंही बोलून ठेवा. लिहिताना तिचे हात दमत असतील तर तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आणि गरज पडल्यास लेखनिक मिळू शकतो. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर लगेच काढा.

बीएड करताना कुणीतरी हमखास सुचवेल, ‘मग विशेष शाळेसाठीचंच करा.’ तिला आवड असेल तर जरूर, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पण व्हीलचेअरवरच्या बाईने साध्या शाळेत सातवीला शिवकाल का शिकवू नये? शिवाय इतिहासाची गोडी असलेल्या मुलीला पुढे अपंगत्व अभ्यासात एमए, कायदा, इमारती आणि वेबसाइट सर्वांना वापरता येतात का हे तपासण्याचं काम, असे रस्तेही आहेत. वेबसाइटसाठीचे जागतिक निकष १९९९पासून आहेत, ते शिकायला संगणक पदवी लागत नाही. हे काम घरबसल्याही होतं, हे दिरांना सांगा.

एक कबुली देते. पंधराएक वर्षांपूर्वी कुबड्यांवर चालणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता, भूगर्भशास्त्र करायचं म्हणत होता. मी त्याला बँकेच्या परीक्षांकडे वळवलं. ‘बसून करायचं काम बघ,’ हे माझे शब्द. तो बँकेत लागला, घर झालं, सगळं छान आहे. दिवाळीला फोन करतो आणि अजून दगडांबद्दल बोलतो.

अर्ज दिलात की शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो पाठवा. दाराची मापंही. मग पुढचं पत्र काय लिहायचं ते ठरवू.